जिमच्या मशीनवर मोजलेल्या बलातून वॅट कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या जिममधल्या सीटेड केबल रो मशीनवर, हँडल आणि केबल यांच्या मध्ये एस-टाइप लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) बसवला आहे. पुलीला एन्कोडर (पुली किती फिरली ते मोजणारा सेन्सर) लावला आहे. स्टॅकवर, म्हणजे प्लेटांच्या चळतीवर, ४० किलो. एका जोरदार खेचीत बल जास्तीत जास्त ६१७ न्यूटन आलं आणि हँडलचा वेग जास्तीत जास्त १.१८ मीटर प्रति सेकंद. दोन्हींचा गुणाकार ७२८ वॅट, म्हणजे जवळपास एक हॉर्सपॉवर. प्रोजेक्ट पार्टनरनं वजन गुणिले अंतर भागिले वेळ असा हिशोब केला तर २९४ वॅट आले. खरं कोणतं? आणि हीच रीत सायकल, रोइंग मशीन, लेग प्रेस यांना चालेल का?

तुमची मोजणी ठीक दिसते. अडचण गुणाकारात आहे. ६१७ न्यूटन तुमच्या हातात आले तेव्हा हँडल नुकतं हलायला लागलं होतं. १.१८ चा वेग आला तोपर्यंत बल ४३० च्या आसपास उतरलं होतं. हे दोन आकडे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्या गुणाकाराला काही अर्थ नाही. पॉवर म्हणजे त्या क्षणाचं बल गुणिले त्याच क्षणाचा वेग, आणि दोन्ही एकाच बिंदूचे, एकाच दिशेतले. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ शंका या एका वाक्यापाशी येऊन सुटतात, म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

तुमच्या आकड्यांशी जुळणारी एक खेच मांडून बघू. हँडल ०.६ मीटर आलं, ०.८ सेकंद लागले. वेग शून्यापासून वाढत मधोमध १.१८ झाला आणि शेवटी पुन्हा शून्य. स्टॅकचं वजन ३९२ न्यूटन, घर्षण ३९ धरू (हे ३९ कसे काढायचे ते पुढे सांगतो). उरलेलं बल वजनाला वेग देण्यासाठी लागतं: सुरुवातीला जास्त द्यावं लागतं, आणि शेवटी वजन स्वतःच्या गतीनं थोडं वर जातं म्हणून कमी पुरतं. दर दशांश सेकंदाला चित्र असं दिसतं:

०.० सेकंद: ६१७ न्यूटन, ० मी/से, ० वॅट
०.१ सेकंद: ६०३ न्यूटन, ०.४५ मी/से, २७२ वॅट
०.२ सेकंद: ५६३ न्यूटन, ०.८३ मी/से, ४६९ वॅट
०.३ सेकंद: ५०३ न्यूटन, १.०९ मी/से, ५४७ वॅट
०.४ सेकंद: ४३२ न्यूटन, १.१८ मी/से, ५०९ वॅट
०.५ सेकंद: ३६१ न्यूटन, १.०९ मी/से, ३९३ वॅट
०.६ सेकंद: ३०१ न्यूटन, ०.८३ मी/से, २५१ वॅट
०.७ सेकंद: २६१ न्यूटन, ०.४५ मी/से, ११८ वॅट
०.८ सेकंद: २४७ न्यूटन, ० मी/से, ० वॅट

पहिली ओळ नीट बघा. सगळ्यात मोठं बल आणि शून्य वॅट. हँडल साखळीनं बांधून ठेवलं आणि तुम्ही घामाघूम होईपर्यंत ओढलं, तरी यांत्रिक पॉवर शून्यच असते. स्नायू आतून ऊर्जा जाळतात, दमणूक खरी असते, पण मशीनला काहीच मिळत नाही. म्हणून नुसत्या लोड सेलवरून वॅट काढून देतो असं कोणी म्हणालं, तर आधी विचारायचं की वेग कुठून आणला.

आता शेवटचा रकाना. त्यातले आकडे बेरजेला घेऊन ०.१ सेकंदानं गुणले की २५६ ज्यूल येतात, आणि पायऱ्या बारीक केल्या की २५९. एवढं कार्य तुम्ही त्या एका खेचीत केलं. ०.८ सेकंदानं भागलं की सरासरी ३२४ वॅट. सर्वोच्च क्षणी ५४८ वॅट, आणि तो क्षण सर्वात मोठ्या बलाचाही नव्हता, सर्वात मोठ्या वेगाचाही नव्हता. दोन्हींच्या मधे कुठेतरी होता. तुमच्या पार्टनरचे २९४ आले कारण त्यानं फक्त वजन उचलण्याचं कार्य धरलं, घर्षण सोडलं. त्याचा आकडा कमी आहे, पण त्यामागचा विचार बरोबर आहे. तुमचे ७२८ कुठल्याच अर्थानं बसत नाहीत.

अजून एक आकडा यातूनच निघतो. खेच ०.८ सेकंद, वजन खाली सोडायला दीड सेकंद, मधे थोडा दम, असा पूर्ण रेप (एक पूर्ण आवर्तन) तीन सेकंदांचा धरला तर २५९ भागिले ३, म्हणजे ८६ वॅट. एकच माणूस, एकच रेप आणि ५४८, ३२४, ८६ हे तिन्ही आकडे खरे. फरक फक्त सरासरी कशाची घेतली याचा. दोन जिममधले, दोन ॲपमधले, दोन शोधनिबंधांतले वॅट जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉवर ३२४ वॅट’ लिहू नका. ‘खेचण्याच्या टप्प्यातली सरासरी’ हे शब्द सोबत हवेतच.

वजन खाली सोडण्याच्या टप्प्याचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण डेटा हाताळताना तो येणारच. परत जाताना तुम्ही हँडलला अजूनही स्वतःकडेच ओढत असता, पण हँडल उलट दिशेला जातं. म्हणजे पॉवर उणे. मशीन तुमच्यावर कार्य करतं. घर्षण इथे तुमच्या मदतीला येतं, त्यामुळे हातात सरासरी ३९२ उणे ३९, म्हणजे ३५३ न्यूटन येतात आणि ०.६ मीटरला २१२ ज्यूल तुमच्याकडे परत येतात. आता प्रोग्रॅममध्ये चिन्हासकट अख्ख्या सेटची बेरीज केली तर एका रेपला फक्त ४७ ज्यूल शिल्लक राहतात. हे ४७ म्हणजे निव्वळ पुल्या आणि गाइड रॉड तापवण्यात गेलेली ऊर्जा. पूर्ण घर्षणरहित मशीनवर दिवसभर रेप मारले तरी ही बेरीज शून्य येईल. भौतिकशास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, पण माणसाची कामगिरी त्यातून कळत नाही. म्हणून धन आणि उणे टप्पे वेगळे करा, वेगवेगळे नोंदवा, आणि कामगिरीसाठी धन टप्पा वापरा.

आता एकाच बिंदूचे बल आणि वेग या अटीकडे येतो, कारण मोठ्या चुका इथे होतात. तुमचा लोड सेल हँडलपाशी आहे, हे उत्तम. पण एन्कोडर कुठल्या पुलीवर आहे? बऱ्याच केबल मशीनमध्ये, विशेषतः दोन बाजूंच्या फंक्शनल ट्रेनरमध्ये, स्टॅकवर एक फिरती पुली असते. तिच्यामुळे ४० किलोच्या स्टॅकला हँडलपाशी २० किलोच जाणवतात आणि हँडल स्टॅकच्या दुप्पट अंतर जातं. बल हँडलचं आणि वेग स्टॅकचा घेतला तर उत्तर निम्मं. स्टॅकवर छापलेलं वजन आणि हँडलचा वेग घेतला तर दुप्पट. दोन्ही हँडलचे किंवा दोन्ही स्टॅकचे घेतले तर उत्तर जुळतं, फक्त घर्षणाचा फरक राहतो. खात्री करायला सोपं: मोजपट्टी लावा, हँडल ५० सेंटिमीटर ओढा, स्टॅक किती वर गेला ते बघा. पेक डेक, लेग एक्स्टेन्शन अशा मशीनवर कॅम (बदलत्या त्रिज्येचं चाक) असतो, तिथे हे गुणोत्तर दर कोनाला बदलतं. तिथे स्टॅकच्या वजनावरून हिशोब करायच्या भानगडीत पडू नका. केबलमधलं बल आणि त्याच केबलचा वेग मोजा.

घर्षण काढायची रीत आता सांगतो, कारण त्यातच मशीनचं गुणोत्तर आणि सेलचं कॅलिब्रेशन दोन्ही तपासून होतं. हँडल अगदी सावकाश, एकसारख्या गतीनं ओढा आणि तितक्याच सावकाश सोडा. ओढताना सेलवर समजा ४३१ आले आणि सोडताना ३५३. दोन्हींची सरासरी ३९२, हे वजन. दोन्हींतल्या फरकाचं अर्ध ३९, हे घर्षण. सरासरी ३९२ ऐवजी १९६ आली तर फिरती पुली आहे. ३७५ किंवा ४१० आली तर एकतर सेलचं कॅलिब्रेशन चुकलंय किंवा प्लेटवर छापलेलं वजन खरं नाही. जिमच्या प्लेटचं वजन छापल्याप्रमाणेच असतं असं अजिबात धरून चालू नका. कॅलिब्रेशनसाठी प्लेट वापरायची असेल तर आधी चांगल्या वजनकाट्यावर तोलून घ्या. आणि किलोचे न्यूटन करायला विसरू नका, ९.८१ नं गुणलं नाही तर सगळा प्रोजेक्ट दहापटीनं चुकतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात गुरुत्वत्वरण प्रत्यक्षात ९.७८ च्या आसपास आहे, पण हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यासाठी झोप घालवायची गरज नाही.

झोप घालवायची तर ती वेळेच्या जुळणीसाठी. तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एचएक्स७११ मॉड्यूल (लोड सेलचा संकेत वाढवून आकड्यांत बदलणारी चिप) आणलं असेल तर ते मुळात सेकंदाला फक्त १० वाचनं देतं. वर आपण बघितलं की १० वाचनांतही कार्याचा आकडा फार बिघडत नाही, २५९ ऐवजी २५६ येतो. खरा धोका उशिराचा आहे. ही चिप आत सरासरी काढत असते, त्यामुळे बलाचं वाचन थोडं मागून येतं आणि एन्कोडरचं वाचन लगेच येतं. बल दशांश सेकंद मागे पडलं, तर वरच्या तक्त्यात ०.४ सेकंदाच्या वेगाशी ०.३ सेकंदाचं बल जोडलं जातं, आणि सरासरी पॉवर तेराएक टक्क्यांनी फुगते. सर्वोच्च पॉवरही जवळपास तितकीच फुगते: ०.३ सेकंदाला ५६३ गुणिले १.०९ म्हणजे ६१० च्या वर. चिपला रेट नावाची पिन आहे. ती वरच्या व्होल्टेजला जोडली की सेकंदाला ८० वाचनं मिळतात. बऱ्याच मॉड्यूलवर त्यासाठी थोडं सोल्डरिंग करावं लागतं, पण तेवढं कराच. बजेट असेल तर सरळ वेगळा ॲम्प्लिफायर आणि सेकंदाला हजार वाचनं घेणारं डेटा ॲक्विझिशन कार्ड घ्या.

जुळणी झाली की नाही हे डेटातच दिसतं. प्लेट स्टॅकवर टेकलेल्या असतात, तेव्हा तुम्ही ओढायला लागलात की आधी बल चढतं, आणि ते वजन अधिक घर्षण, म्हणजे आपल्या उदाहरणात ४३१ न्यूटन, ओलांडल्यावरच प्लेट हलतात. केबल थोडी ताणते, ढिली असेल तर आवळते, तेवढं सोडून द्या. पण तुमच्या फाइलमध्ये बल २०० वर असतानाच वेग सुरू झालेला दिसत असेल, तर बल उशिरा येतंय. त्या दोन क्षणांमधलं अंतर मोजा आणि बलाचा रकाना तेवढा आधीच्या वेळेकडे सरकवा. गुळगुळीत करण्यासाठी फिल्टर लावायचा असेल तर बल आणि वेग दोन्हींना तोच फिल्टर लावा. एकाला लावून दुसऱ्याला नाही लावला की पुन्हा तीच गडबड.

एन्कोडरबद्दल दोनच गोष्टी. ६०० पल्सचा एन्कोडर आणि १०० मिलिमीटर व्यासाची पुली असेल तर एका पल्सला साधारण अर्धा मिलिमीटर पडतो, हे पुरेसं आहे. पण पुलीचा व्यास कागदावरून घेऊ नका. केबलची जाडीही त्यात येते, खाचेची खोलीही. एक मीटर केबल ओढून पल्स मोजा आणि तोच आकडा वापरा.

सायकलवर तत्त्व तेच, फक्त गोष्टी गोल फिरतात. बलाऐवजी टॉर्क, वेगाऐवजी कोनीय वेग. १७० मिलिमीटरचा क्रँक ९० आरपीएमला फिरवला तर पेडल १.६ मीटर प्रति सेकंदानं जातं. म्हणजे २०० वॅटसाठी दोन्ही पायांचं मिळून, पेडलच्या मार्गाला स्पर्शरेषेत, सरासरी १२५ न्यूटन बल लागतं. इतकं कमी? असं सगळ्यांना वाटतं, कारण पेडलवर सेल लावला तर त्याच्या कितीतरी पट आकडे दिसतात. त्यातलं बरंच बल क्रँकच्या लांबीच्या दिशेत जातं. पेडल अगदी खाली असताना तुम्ही उभं राहून अख्खं वजन टाकलं तरी क्रँक फिरत नाही; सेल ७०० न्यूटन दाखवेल आणि टॉर्क शून्य असेल. म्हणून पेडलवर मोजायचं तर दोन दिशांची बलं आणि क्रँकचा कोन, तिन्ही हवेत. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे टॉर्कच मोजणं. जर्मनीत उलरिश शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकमध्येच स्ट्रेन गेज (धातूचा सूक्ष्म ताण मोजणाऱ्या पट्ट्या) बसवून एसआरएम हे पॉवर मीटर उभं केलं, त्यात हेच केलं आहे. वर येणाऱ्या पायाचं वजन पेडलवर राहतं आणि उलटा टॉर्क देतं, तो दुसऱ्या पायानं भरून काढावा लागतो. क्रँकच्या अक्षाजवळ मोजलं की ही वजाबाकी आपोआप होते. फक्त डाव्या क्रँकवर बसणारी स्वस्त मीटरं डाव्याचं दुप्पट करून दाखवतात. तुमचा उजवा पाय जास्त जोर लावत असेल तर तो आकडा कमीच येणार.

सायकलच्या बाबतीत सरासरी टॉर्क गुणिले सरासरी कोनीय वेग चालतो, कारण एका फेरीत वेग फारसा बदलत नाही. केबल रोवर तशी सवलत नाही. अंडाकृती चेनरिंग लावली असेल तर सायकलवरही नाही.

जुन्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत पट्ट्याचा ब्रेक असलेली मोनार्क सायकल अजून दिसते, आणि शिकण्यासाठी तिच्याइतकं स्वच्छ मशीन दुसरं नाही. पेडलच्या एका फेरीत फ्लायव्हीलची (पुढच्या जड चाकाची) कड ६ मीटर जाते. पट्ट्यावर २ किलोचा ताण आणि ६० आरपीएम असेल तर मिनिटाला ७२० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ११८ वॅट. यात साखळीत गेलेले काही टक्के धरलेले नाहीत, म्हणजे पायांनी दिलेली पॉवर थोडी जास्त असते. इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेली ३० सेकंदांची चाचणी याच मशीनवर होते, वजनाच्या ७.५ टक्के भार लावून. ७० किलोच्या खेळाडूला ५.२५ किलो. त्यानं १२० आरपीएम गाठले तर ५१.५ न्यूटन गुणिले १२ मीटर प्रति सेकंद, ६१८ वॅट. पण चाक वेग घेत असताना फ्लायव्हीलच्या जडत्वात जाणारी ऊर्जा या साध्या हिशोबात येत नाही, आणि सुरुवातीच्या पहिल्या काही सेकंदांत ती बरीच असते. सर्वोच्च पॉवर हवी असेल तर फ्लायव्हीलचं जडत्व आघूर्ण, कोनीय वेग आणि कोनीय त्वरण यांचा गुणाकार त्यात मिळवावा लागतो. तुमच्या केबल रोवर लोड सेल हँडलपाशी असल्यामुळे प्लेटचं जडत्व आपोआप मोजलं जातं. इथे ब्रेकपाशी मोजतो म्हणून निसटतं. सेल शरीराच्या जितका जवळ, तितकं कमी निसटतं.

रोइंग मशीनकडे वळू, कारण त्यात एक फार सुंदर गोष्ट आहे. कन्सेप्ट टू या सर्वत्र दिसणाऱ्या मशीनच्या हँडलमध्ये बलाचा सेन्सरच नाही. मशीन फक्त फ्लायव्हीलचा वेग बघतं. तुम्ही पुढे सरकत असताना चाक मोकळं फिरत मंदावतं, त्या मंदावण्याच्या दरावरून हवेचा अडथळा त्या वेळी किती आहे ते मशीन दर स्ट्रोकला नव्यानं काढतं. मग खेचताना त्या अडथळ्यावर मात करायला किती पॉवर गेली आणि चाकाला वेग द्यायला किती, यांची बेरीज दाखवतं. पडद्यावरच्या ५०० मीटरच्या वेळेचं आणि वॅटचं नातं पक्कं आहे: एका मीटरला लागणारे सेकंद घ्या, त्यांचा घन करा आणि २.८० ला त्यानं भागा. ५०० मीटरला २ मिनिटं म्हणजे मीटरला ०.२४ सेकंद, उत्तर २०३ वॅट. १ मिनिट ४५ सेकंद असतील तर ३०२. पंधरा सेकंदांसाठी दीडपट पॉवर, यावरून घनाची ताकद लक्षात येईल. हँडलला लोड सेल लावून मोजलं तर पडद्यापेक्षा थोडी जास्त पॉवर निघते, कारण साखळीचं घर्षण आणि हँडल परत ओढणारी रबरी दोरी मशीनच्या हिशोबात नाही.

पण सुंदर गोष्ट ती नाही. रोइंगमध्ये बहुतेक काम पाय करतात. म्हणून काही जण पायपट्टीखाली फोर्स प्लेट लावतात, तिथलं बल हँडलच्या बलापेक्षाही मोठं येतं, आणि मग दोन्हींची पॉवर मिळवावी असं वाटायला लागतं. पायपट्टी मशीनच्या स्थिर सांगाड्याला पक्की आहे. तिचा वेग शून्य, म्हणून तिथून मशीनला जाणारी पॉवर शून्य. पायांनी केलेलं सगळं काम कमरेतून, पाठीतून, हातांतून हँडलपाशी बाहेर पडतं आणि तिथे मोजलं जातं. लेग प्रेसवर उलट: पाठ स्थिर, पायाखालचा सांगाडा हलतो, म्हणून तिथे पायपट्टीच मोजायची. कुठल्याही मशीनपाशी गेलात की पहिला प्रश्न हाच: शरीर जिथे जिथे मशीनला टेकतं, त्यातला हलतो तो बिंदू कुठला? सेन्सर तिथे.

लेग प्रेस ४५ अंशांचा असेल तर वजनाला सुमारे ०.७१ नं गुणायचं. सांगाडा धरून १०० किलो असतील तर ६९४ न्यूटन. ०.४ मीटर अर्ध्या सेकंदात ढकललं तर ५५५ वॅट, अधिक घर्षण. सांगाड्याचं स्वतःचं वजन यात धरायला बरेच जण विसरतात, आणि ते थोडं नसतं.

ट्रेडमिलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जिममध्ये कोणीतरी विचारेल. सपाट ट्रेडमिलवर पट्टा मोटर चालवते. तुमच्या पायाखालच्या बलातून ‘वॅट’ काढायचा प्रयत्न करू नका. उतार दिला तर वजन गुणिले वेग गुणिले उताराची ज्या (साइन), इतकं म्हणता येतं: ७० किलो, ताशी ५ किलोमीटर, १० टक्के चढ, साधारण ९५ वॅट.

प्रोजेक्टला वजन यावं असं वाटत असेल तर एकच भार न घेता चार-पाच भार घ्या. प्रत्येकावर पूर्ण ताकदीनं दोन-तीन खेची, मधे भरपूर विश्रांती, आणि प्रत्येक खेचीचं सरासरी बल आणि सरासरी वेग आलेखावर मांडा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या सुट्या स्नायूवर दाखवलं की भार वाढला की आखडण्याचा वेग वक्ररेषेनं कमी होतो, आणि सर्वाधिक पॉवर कमाल वेगाच्या साधारण एक-तृतीयांशाला मिळते. अनेक सांधे एकत्र काम करतात अशा हालचालींत, रोइंग, लेग प्रेस, सायकल स्प्रिंट, हा आलेख बराचसा सरळ रेषेसारखा येतो. सरळ रेषा असली की हिशोब सोपा: रेषा बलाच्या अक्षाला जिथे छेदते ते बल, वेगाच्या अक्षाला जिथे छेदते तो वेग, दोन्हींचा गुणाकार भागिले ४. समजा ९०० न्यूटन आणि २.४ मीटर प्रति सेकंद आले, तर कमाल पॉवर ५४० वॅट, आणि ती ४५० न्यूटनच्या भाराला मिळेल. या आलेखातून खेळाडूला भार वाढवून द्यायचा की वेगावर काम करायचं हे दिसतं. एका आकड्यातून ते दिसत नाही.

कॅलरीबद्दल एकच सावधगिरी. सायकलवर शरीराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते, त्यामुळे एक किलोज्यूल यांत्रिक कार्याला अंदाजे एक किलोकॅलरी अन्न जळतं. २०० वॅटनं तासभर म्हणजे ७२० किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी. हा सोयीचा नियम वजनाच्या मशीनला लावू नका. तिथे उणे टप्पा आहे, धरून ठेवणं आहे, आणि त्यांचा खर्च ज्यूलमध्ये दिसतच नाही.

आता उत्तर पटण्याजोगं आहे का हे कसं बघायचं. निरोगी, बेताचा व्यायाम करणारा माणूस तासभर १०० ते १५० वॅट देऊ शकतो. चांगला सराव असलेला सायकलपटू २५० ते ३००. ट्रॅकवरचे अव्वल स्प्रिंट सायकलपटू काही सेकंदांसाठी २००० च्या वर जातात. आपल्यासारख्यांसाठी मशीनशिवाय एक तपासणी आहे: इमारतीचे तीन मजले, समजा ९ मीटर, ७० किलोच्या माणसानं १२ सेकंदांत धावत चढले तर ५१५ वॅट. तोच माणूस केबल रोवर खेचण्याच्या टप्प्यात सरासरी १५०० वॅट देतोय असं तुमचा प्रोग्रॅम म्हणत असेल, तर पुलीचं गुणोत्तर आणि एकक पुन्हा बघा.

आणि प्रत्येक खेचीसाठी प्रोग्रॅममध्येच एक ओळ टाका: हँडलपाशी मोजलेलं कार्य भागिले स्टॅक वर चढवायला लागलेलं कार्य. वजन थांबलेलं होतं आणि शेवटी पुन्हा थांबलं, तर हे गुणोत्तर १ च्या खाली येऊच शकत नाही. आपल्या उदाहरणात २५९ भागिले २३५, म्हणजे १.१०. तेल घातलेल्या मशीनवर १.०५ च्या आसपास, खडखडणाऱ्या मशीनवर १.२ किंवा वर. त्याच मशीनवर, त्याच भाराला हे गुणोत्तर खेचीगणिक बदलत असेल तर एन्कोडरच्या पुलीवर केबल घसरत असू शकते. ०.९ आलं तर त्या खेचीचा आकडा टाकून द्या आणि आधी वायरिंग बघा. माझ्या अनुभवात अशा वेळी सेलची बोल्ट ढिली झालेली असते किंवा सेल केबलच्या रेषेत न राहता वाकडा ओढला जात असतो. दोन्ही बाजूंना आयबोल्ट लावून सेल मोकळा लटकू द्या.